उघडा डोळा आणि पाहणारा डोळा

डोळे उघडे असणें आणि डोळ्यांना दिसणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें व्यवहारांत प्रत्येकाला ठाऊक असतें. विचारांत गढून गेलेला गृहस्थ समोरून गेलेल्या सोयऱ्याला ओळख देत नाहीं, आणि मग त्याचा रुसवा काढतांना त्याला सांगावें लागतें कीं, ‘डोळे उघडे होते, पण लक्ष नव्हतें.’ माणसाच्या बाबतींत असा प्रसंग हंसण्यावारी जातो. परंतु आज पाहण्याचें काम माणसानें यंत्रावर सोंपविण्यास आरंभ केला आहे. संगणकाला जोडलेला एक लहानसा कॅमेरा, ज्याला सर्वत्र वेबकॅम म्हणतात, तो समोरच्या वस्तूचें चित्र घेतो आणि संगणकाची आज्ञावली त्या चित्राचा अर्थ लावते. या विद्येला संगणकीय दृष्टि असें नांव आहे. फळें निवडणें, रस्त्यावरच्या गाड्या मोजणें, दाराशीं आलेला मनुष्य ओळखणें अशीं कामें तिच्याकडून होऊं लागलीं आहेत. तिच्या करामतींचीं वर्णनें वर्तमानपत्रांतून पुष्कळ येतात. पण तिची पहिली पायरी, म्हणजे चालू स्थितींतला कॅमेरा शोधून तो उघडणें, हिच्याकडे फारसें कोणी वळून पाहत नाहीं. ठेंच मात्र बहुधा याच पायरीवर लागते.

ही ठेंच कशी लागते व तिचें मोल काय द्यावें लागतें, हें समजण्यासाठीं एका घराचें उदाहरण कल्पावें. सोलापूर जिल्ह्यांतील मोडनिंब हें माढा तालुक्यांतलें गांव पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर वसलें आहे. कुर्डुवाडीहून पंढरपुरास जाणारी आगगाडीहि याच गांवावरून जाते. या मुलुखांत पाऊस बेताचा. त्यामुळें थोड्या पाण्यावर तग धरणारें डाळिंब येथील शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचें पीक झालें. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ सालीं सोलापूर येथेंच स्थापन झालें, आणि २०१६ सालीं सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनहि मिळालें. या पिकाचा मोठा वैरी म्हणजे तेल्या रोग. हा सूक्ष्म जंतूंमुळें होतो. पावसाळी व दमट हवेंत फैलावतो. फळावर तेलकट काळपट डाग पडतात आणि पुढें फळ त्या ठिकाणीं तडकतें. डागी फळ चांगल्या फळांच्या कॅरेटांत निघालें, म्हणजे व्यापारी त्या एका फळाचा नव्हे, तर साऱ्या मालाचा भाव पाडतो.

अशा एका बागाईतदाराचा मुलगा तंत्रनिकेतनांतली पदविका घेऊन घरीं परतला आहे, असें समजावें. वडिलांचें वय झालेलें. दिवसभर मान खालीं घालून फळें निवडतांना त्यांच्या डोळ्यांना पाणी येतें. मुलानें मनाशीं ठरविलें कीं, ही निवड संगणकाकडून करवावी. पत्र्याच्या शेडमध्यें टेबलावर त्यानें एक जुना लॅपटॉप मांडला, वर आडव्या बांबूला एक वेबकॅम बांधला, आणि फळ खालीं ठेवून कळ दाबली कीं ‘स्वच्छ’ किंवा ‘डागी’ असा निर्णय पडद्यावर उमटावा, अशी आज्ञावली लिहिली. डागांचीं शेंकडों चित्रें दाखवून त्यानें संगणकाला तयार केलें होतें. अवघड भाग संपला, आतां कॅमेरा जोडणें तेवढें उरलें, अशी त्याची समजूत.

पहिल्याच दिवशीं आज्ञावलीनें कळविलें, ‘कॅमेरा उघडला’, आणि पडद्यावर काळाकुट्ट चौकोन आला. मुलानें तार काढून पुन्हां खुपसली, संगणक बंद करून पुन्हां सुरू केला. चौकोन काळा तो काळाच. नवा कॅमेरा फसवा निघाला असें म्हणून तो दुकानदाराला परत करण्याची तयारी झाली. शेजारीं उभ्या असलेल्या वडिलांनीं एवढेंच विचारलें, ‘‘आरं, पण त्यो खरंच बघतोय का, ह्येचा तू पत्ता लावलास का?’’ ज्यानें जन्मभर मोटेचें पाणी पाटाला लागलें कीं नाहीं हें शेवटच्या वाफ्यापर्यंत चालत जाऊन पाहिलें, त्याला हा प्रश्न सुचणें स्वाभाविक होतें. 

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वीं एका महाराष्ट्रीयानें स्वतःला विचारला होता. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ सालीं लंडनला गेले आणि तेथून विल्यमसन कंपनीचा चलच्चित्रांचा कॅमेरा घेऊन आले. कॅमेरा हातीं आला म्हणून त्यांनीं लगेच ‘राजा हरिश्चंद्र’ काढावयास घेतला नाहीं. त्यांनीं प्रथम कुंडींत वाटाणा पेरला आणि त्याचा कोंब वर येऊन रोप वाढेपर्यंतच्या अवस्था टप्प्याटप्प्यानें टिपल्या. तें लहानसें चित्र पडद्यावर पाहिल्यावर कॅमेरा, फीत आणि आपला हात या तिन्हींची परीक्षा एकदम झाली, आणि भांडवल देणाऱ्याचाहि विश्वास बसला. त्यानंतरच ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. यंत्र विकत मिळालें, त्याची पेटी उघडली, हॅण्डल फिरलें, एवढ्यावर फाळके थांबले नाहींत. त्यानें खरोखर कांहीं पाहिलें कीं नाहीं, याचा पुरावा त्यांनीं आधीं मागितला. वेबकॅम उघडणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीनें आपल्यापुरता असा एक वाटाणा पेरला पाहिजे.

तो कसा पेरावा हें कळण्यासाठीं कॅमेरा व संगणक यांचा संबंध थोडक्यांत पाहिला पाहिजे. वेबकॅमचा उगम मोठ्या उद्देशांतून झालेला नाहीं. १९९१ सालीं इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेंत कॉफीचें एकच भांडें होतें, आणि इमारतीच्या दुसऱ्या भागांतून जिने ओलांडून येणाऱ्या संशोधकांना तें पुष्कळदां रिकामें सांपडे. म्हणून त्यांनीं भांड्यासमोर एक कॅमेरा बसविला व त्याचें चित्र आपापल्या संगणकावर पाहण्याची सोय केली. १९९३ मध्यें तेंच चित्र साऱ्या जगाला इंटरनेटवर दिसूं लागलें. २००१ मध्यें तो कॅमेरा बंद करण्यांत आला, तोंपर्यंत त्याची कीर्ति जगभर झाली होती. जगांतल्या पहिल्या वेबकॅमचें काम ‘आतां या क्षणीं भांड्यांत काय आहे’ हें सांगण्याचें होतें. तासापूर्वींचें चित्र त्या संशोधकांच्या कांहीं उपयोगाचें नव्हतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे, कारण पुढें तिच्यावरच सारें अवलंबून आहे.

आरंभीं प्रत्येक कारखानदाराचा कॅमेरा आपल्याच भाषेंत बोले, आणि त्याच्यासाठीं संगणकांत निराळा दुभाषा बसवावा लागे. मोडनिंबच्या जुन्या माणसांना ही अडचण आगगाडीच्या दाखल्यानें चटकन् समजेल. कुर्डुवाडी ते पंढरपूर ही बार्शी लाइट रेल्वेची गाडी १९०६ सालीं सुरू झाली ती अडीच फुटी अरुंद रुळांवर. मुंबईहून रुंद रुळांवरच्या गाडीनें आलेल्या वारकऱ्याला कुर्डुवाडीस उतरून, बोचकें डोक्यावर घेऊन, लहान गाडींत चढावें लागे. एकविसाव्या शतकांत हा मार्ग रुंद झाला, तेव्हां तो खोळंबा मिटला. कॅमेऱ्यांचे रूळहि असेच एक झाले. २००३ सालीं यूएसबी व्हिडिओ क्लास या नांवाचा एक सामान्य करार ठरला. तो पाळणारा कोणताहि कॅमेरा कोणत्याहि संगणकाला लावला, तरी संगणकांत आधींच असलेल्या एकाच दुभाष्यानें काम भागतें. लिनक्स या प्रणालींत असा दुभाषा २००८ सालीं मूळच्या गाभ्यांतच समाविष्ट झाला.

या दुभाष्याच्या वर आणखी एक मध्यस्थ असतो. संगणकीय दृष्टीचें काम करणारे बहुतेक लोक ओपन सीव्ही नांवाचा आज्ञासंग्रह वापरतात. इंटेल कंपनींत १९९९ सालीं त्याचें काम सुरू झालें आणि २००० सालीं तो प्रथम लोकांपुढें आला. तो कोणालाहि विनामूल्य वापरतां येतो. यांत कॅमेरा उघडण्यासाठीं ‘व्हिडिओ कॅप्चर’ नांवाची आज्ञा आहे. तिला कॅमेऱ्याचा क्रमांक सांगावयाचा असतो. पहिला क्रमांक शून्य, दुसरा एक, तिसरा दोन. पुस्तकांतील बहुतेक उदाहरणांत शून्यच लिहिलेलें असतें, आणि नवशिका तें शून्य जसेंच्या तसें उतरवून घेतो.

मोडनिंबच्या मुलाचें नेमकें हेंच झालें. शून्य क्रमांक बांबूवरच्या कॅमेऱ्याचा नव्हता; तो लॅपटॉपच्या झांकणांत बसविलेल्या कॅमेऱ्याचा होता. त्या कॅमेऱ्यावरची सरकती पट्टी कोणीतरी पूर्वीं ओढून ठेविली होती. आज्ञावलीनें सांगितलेला डोळा इमानानें उघडला होता; पण तो भलताच डोळा होता आणि त्याच्यावर पडदा होता. नवा कॅमेरा बिचारा निर्दोष असून वर टांगलेला राहिला. 

या क्रमांकांचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. हा क्रमांक घराच्या उंबऱ्यावर कोरलेला नसतो. तो रांगेंतल्या जागेसारखा असतो. कॅमेरा एका भोंकांतून काढून दुसऱ्यांत घातला, किंवा संगणक बंद करून पुन्हां सुरू केला, तर कालचा एक आज शून्य होऊं शकतो. शिवाय रांगेंत उभा असलेला प्रत्येक जण कॅमेराच असतो असें नाहीं. लिनक्समध्यें २०१८ पासून बहुतेक वेबकॅमांना दोन क्रमांक मिळतात. एकावर चित्र येतें, आणि दुसऱ्यावर चित्राची केवळ आनुषंगिक माहिती येते. म्हणून दुसरा कॅमेरा पुष्कळदां एक क्रमांकावर न सांपडतां दोन क्रमांकावर सांपडतो. कांहीं लॅपटॉपांत चेहरा ओळखण्यासाठीं अवरक्त किरणांचा वेगळा कॅमेरा असतो. तोहि रांगेंत असतो. कांहीं आज्ञावल्या लटका कॅमेरा निर्माण करतात, ज्याच्यामागें कांच नाहीं कीं भिंग नाहीं. तोहि आपला क्रमांक धरून बसतो आणि विचारल्यास एक ठराविक चित्र दाखवितो.

यावरून शोधाचा पहिला नियम निघतो. शून्यापासून आठदहा क्रमांकांपर्यंत क्रमानें प्रत्येक दार ठोठवावें, आणि एका दारावर उत्तर आलें नाहीं म्हणून तेथेंच परत फिरूं नये. कारण मधलें घर रिकामें असून पुढच्यांत माणूस असूं शकतो. ज्या कॅमेऱ्याशीं रोजचें काम आहे, त्याला शक्यतों क्रमांकानें न ओळखतां नांवानें ओळखावें. लिनक्समध्यें कॅमेऱ्याच्या बनावटीवरून व अनुक्रमांकावरून ठरणारें असें स्थिर नांव मिळतें. वर्गांतील हजेरी बांकाच्या जागेवरून न घेतां नांवावरून घ्यावी, यांत जें शहाणपण आहे तेंच येथें आहे.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा. ओपन सीव्हीमध्यें कॅमेरा उघडला कीं नाहीं हें विचारण्याची एक आज्ञा आहे, आणि प्रत्यक्ष एक चित्र वाचून आणण्याची दुसरी. नवशिका पहिल्या आज्ञेचें ‘होय’ हें उत्तर मिळतांच निश्चिंत होतो. परंतु त्या ‘होय’चा अर्थ इतकाच असतो कीं, दाराची कडी निघाली. आंत दिवा आहे कीं अंधार, हें तें उत्तर सांगत नाहीं. म्हणून कॅमेरा ‘मिळाला’ असें म्हणण्यापूर्वीं त्याच्याकडून एक चित्र वाचून आणावें, आणि वाचन यशस्वी झाल्याची खूण त्या चित्राबरोबर येते ती पाहावी. ती खूण नाहीं तर तो कॅमेरा नाहीं, असें खुशाल समजावें.

कडी निघूनहि चित्र न येण्याचीं कारणें अनेक आहेत. सर्वांत साधें कारण असें कीं, तोच कॅमेरा आधींच दुसऱ्या आज्ञावलीच्या ताब्यांत असतो. सकाळीं त्याच लॅपटॉपवरून परगांवच्या मामाशीं समोरासमोर बोलणें झालें आणि ती खिडकी बंद करावयाची राहिली, तर दुपारीं डाळिंबांसाठीं कॅमेरा मिळत नाहीं. एवढ्यासाठींच काम संपतांच कॅमेरा मोकळा करण्याची आज्ञा देणें हा सभ्यपणाचा नियम आहे. दुसरें कारण परवानगीचें. विंडोज व मॅक या दोन्ही प्रणालींत कोणत्या आज्ञावलीनें कॅमेऱ्याला हात लावावा यावर मालकाची सत्ता चालते. मालकानें नकार देऊन ठेविला असेल, तर आज्ञावलीनें कितीहि दार ठोठवलें तरी उपयोग नाहीं. हा निर्बंध योग्यच आहे. घरांतला डोळा कोणीहि यावें आणि उघडावा हें कोणत्या गृहस्थाला रुचेल? 

तिसरें कारण मार्गाचें. एकाच संगणकाशीं कधीं कधीं दोन मार्गांनीं बोलतां येतें. विंडोजमध्यें मीडिया फाउंडेशन आणि डायरेक्ट शो असे दोन मार्ग आहेत. एकानें कॅमेरा उघडत नाहीं, किंवा उघडण्यास फार वेळ लागतो, तर दुसऱ्यानें तो तत्काळ उघडतो. ओपन सीव्हीला कोणत्या मार्गानें जावें हें सांगतां येतें. सांगितलें नाहीं तर तो आपल्या मतानें मार्ग निवडतो, आणि मग एका यंत्रावर चाललेली आज्ञावली दुसऱ्यावर कां अडते, याचा उलगडा होत नाहीं.

चौथें कारण गर्दीचें. मोडनिंबच्या मुलानें पुढें फळाची बाजूहि दिसावी म्हणून दुसरा कॅमेरा आणला व दोन्ही एकाच फांटेदार जोडणींत लावले. एक चाले, तर दुसऱ्याचें उत्तर येई, ‘जागा शिल्लक नाहीं’. लॅपटॉपांत जागा तर पुष्कळ होती! येथें जागा म्हणजे तारेवरची वाट. ६४० रुंद व ४८० उंच अशा चित्रांत ३,०७,२०० बिंदु असतात. न दाबलेल्या स्वरूपांत प्रत्येक बिंदूला दोन बाइट धरले, तर एका चित्राचे ६,१४,४०० बाइट झाले, आणि सेकंदाला तीस चित्रें म्हटलीं कीं १,८४,३२,००० बाइट एका सेकंदांत त्या बारीक तारेंतून जावयाचे. त्यांतून पुष्कळसे कॅमेरे लागेल त्याहून अधिक वाट आधींच राखून ठेवितात. एस.टी.च्या खिडकींतून रुमाल टाकून तीन माणसांची जागा अडविणाऱ्या उतारूसारखा हा प्रकार असतो. मागाहून येणाऱ्याला बांक रिकामें दिसत असूनहि उभें राहावें लागतें. अशा वेळीं चित्रें दाबून पाठविण्यास सांगावें, त्यांचा आकार कमी करावा, किंवा दुसरा कॅमेरा निराळ्या वाटेच्या भोंकांत लावावा. आणि कॅमेऱ्याला अमुक आकाराचें चित्र दे असें सांगितलें, म्हणजे त्यानें तें दिलेंच असें समजूं नये. तो न बोलतां आपल्या सोयीचा आकार देतो. हातीं आलेलें चित्र मोजून पाहणें हाच खरा उपाय.

एवढें केल्यावर मोडनिंबच्या शेडमध्यें काम सुरळीत चालूं लागलें. आठवडाभर यंत्रानें निवडलेलीं फळें वडिलांनीं पुन्हां पाहिलीं आणि त्यांचें समाधान झालें. मुलाला मात्र एक गोष्ट खुपत होती. मधूनच एखादें चित्र येत नसे आणि आज्ञावली बंद पडे. त्यानें एक सोपी युक्ति योजिली. नवें चित्र आलें नाहीं, तर शेवटचें आलेलें चांगलें चित्र तसेंच पुढें वापरावें. आज्ञावली बंद पडण्याचें थांबलें. खरें संकट याच युक्तीच्या पोटांत होतें.

एके दुपारीं भरलेलें कॅरेट उचलतांना बांबूला धक्का लागला आणि कॅमेऱ्याची तार सैल झाली. शेवटचें चांगलें चित्र एका निर्मळ, लालबुंद डाळिंबाचें होतें. त्यानंतर टेबलावर ठेविलेल्या प्रत्येक फळाला यंत्र त्याच एका चित्रावरून न्याय देत राहिलें. पडद्यावर एकामागून एक ‘स्वच्छ’, ‘स्वच्छ’, ‘स्वच्छ’. टेम्पो दाराशीं उभा, आडतीचा फोन दोनदां येऊन गेलेला. वडील पाणी पिण्यास उठले आणि संवयीनें त्यांनीं एका भरलेल्या कॅरेटांत हात घातला. हाताला खरबरीत लागलें. फळ वर काढलें तों पाठीवर रुपयाएवढा तेल्याचा डाग. दुसरें काढलें, तेंहि तसेंच. त्यांनीं मुलावर आवाज चढविला नाहीं; टेम्पोवाल्याला तेवढें म्हणाले, ‘‘थांब बाबा, माल परत निवडायचाय.’’ दुपारपासूनचीं सारीं कॅरेटें जमिनीवर पालथीं झालीं, आणि रात्रीं विजेच्या दिव्याखालीं बापलेक दोघेहि हातानें फळें निवडीत बसले.

यांत चूक कोणाची? कॅमेरा तुटला हा अपघात होता. तो कोठेंहि होतो. डाग ओळखण्याची विद्याहि खोटी नव्हती. चूक एवढीच होती कीं, ज्या क्षणीं यंत्राला दिसत नव्हतें, त्या क्षणीं तसें सांगण्याची मुभा त्याला ठेविली नव्हती. बंद पडणारी आज्ञावली त्रास देते, पण ती खोटें बोलत नाहीं. जुन्या चित्रावरून नवा निर्णय देणारी आज्ञावली त्रास देत नाहीं, आणि म्हणूनच तिच्या खोट्याचा सुगावा लागत नाहीं. 

दुसऱ्या दिवशीं मुलानें आज्ञावली नव्यानें लिहिली. तींतील क्रम कोणासहि उपयोगी पडेल असा आहे. प्रथम नांवानें कॅमेरा शोधावा. नांव सांपडलें नाहीं तर सर्व क्रमांक तपासावे. कॅमेरा उघडल्यावर आरंभीचीं कांहीं चित्रें टाकून द्यावीं, कारण प्रकाशाचा अंदाज घेईपर्यंत तीं काळीं किंवा भगभगीत येतात. अंधारांतून उन्हांत आल्यावर माणसाचेहि डोळे क्षणभर दिपतातच. मग एक चित्र घेऊन तें अगदींच काळें किंवा सर्वत्र एकाच रंगाचें नाहीं ना, हें पाहावें. झांकलेल्या कॅमेऱ्याची ही पारख आहे. त्यानंतर लागोपाठचीं दोन चित्रें ताडून पाहावीं. चालू कॅमेऱ्याच्या चित्रांत, समोर कांहीं हललें नाहीं तरी, बिंदूबिंदूंत बारीक थरथर असते. म्हणून दोन चित्रें सहसा तंतोतंत एक येत नाहींत. तीं हुबेहुब एकच आलीं, तर तो डोळा थिजलेला आहे असा संशय घ्यावा. कॅमेऱ्यासमोर हात हलवून पडद्यावर हात हलतो कीं नाहीं हें पाहावें. नांव ठाऊक नसलेला कॅमेरा ओळखण्यासहि याहून सोपी युक्ति नाहीं. आणि एवढ्यानें भागत नाहीं. ही परीक्षा सकाळीं एकदांच न घेतां काम चालूं असेपर्यंत सतत चालली पाहिजे. प्रत्येक चित्राबरोबर तें केव्हां आलें ती वेळ टिपून ठेवावी, आणि निर्णय मागतांना चित्र ताजें नसेल, तर निर्णय देऊं नये.

मुलानें पडद्यावर ‘स्वच्छ’ व ‘डागी’ यांच्या जोडीला तिसरें उत्तर ठेविलें, ‘दिसत नाहीं’. तें उत्तर येतांच सारा पडदा तांबडा होतो व घंटी वाजते. वडिलांना या साऱ्या सुधारणेंत हें तिसरें उत्तर अधिक पटलें.

डाळिंबांच्या बाबतींत झालेली चूक एका रात्रीच्या जागरणावर निभावली. परंतु हीच विद्या आतां याहून मोठ्या जागीं बसली आहे. २०२५ सालीं प्रयागराजच्या महाकुंभांत गर्दीचा अंदाज घेण्यासाठीं कॅमेरे व संगणक यांची योजना होती. मोडनिंबहून थोड्याच अंतरावर असलेल्या पंढरपुरीं आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटांत लाखों माणसें जमतात. अशा ठिकाणीं एखाद्या अरुंद वाटेवरचा कॅमेरा थिजला आणि पहाटेचीच मोकळी वाट दुपारपर्यंत दाखवीत राहिला, तर त्या चित्रावर विसंबून माणसें त्याच वाटेनें सोडण्याचा हुकूम सुटेल. तेथें कॅरेटें पालथीं करून पुन्हां निवड करतां येत नाहीं. म्हणून असें यंत्र बसविणाऱ्या अधिकाऱ्यांना नागरिकांनीं विचारावयाचा पहिला प्रश्न, त्याची हुशारी किती, हा नसावा. त्याला दिसेनासें झालें तर तें कोणाला, किती वेळांत व कोणत्या रीतीनें कळवील, हें प्रथम विचारावें.

मुलांना घरींच संगणक शिकविणाऱ्या कुटुंबांनाहि हा धडा सहज देतां येईल. घरांत लॅपटॉप असतोच. मुलाला किंवा मुलीला कॅमेरा उघडणारी चार ओळींची आज्ञावली लिहूं द्यावी. ती चालली कीं शाबासकी द्यावी, आणि मग हळूच कॅमेऱ्यावर बोट ठेवावें. आज्ञावली गप्प राहिली तर विचारावें, ‘‘हिला कळलें कां, कीं आपल्याला दिसत नाहीं?’’ मूल पुन्हां लिहावयास बसेल, आणि त्या दुसऱ्या लिहिण्यांत तें पहिल्यापेक्षां पुष्कळ अधिक शिकेल.

मोडनिंबच्या शेडमध्यें अजूनहि सकाळीं काम सुरू करतांना एक रीत पाळतात. मुलगा आज्ञावली सुरू करतो, आणि वडील आदल्या दिवशींचें एक डागी डाळिंब मुद्दाम राखून ठेविलेलें असतें तें टेबलावर ठेवितात. पडद्यावर ‘डागी’ उमटलें, म्हणजे मगच पहिलें कॅरेट पुढें ओढतात.